फवारणीची विषबाधा: पहिला तास आणि पुढचे चार दिवस

ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत उमरखेड आणि आसपासच्या तालुक्यांत कपाशी, सोयाबीन, तूर आणि हळदीवर फवारणीचे काम जोरात असते. याच दिवसांत चक्कर, मळमळ, डोळ्यांची जळजळ, घाम अशा तक्रारी घेऊन माणसे दवाखान्यात येतात. बरेच जण येतही नाहीत. ‘ऊन लागलं’, ‘पित्त झालं’ म्हणून लिंबू सरबत घेतात आणि त्याच ओल्या कपड्यांत धुऱ्यावर आडवे होतात.

फवारणीच्या विषबाधेत माणूस वाचणे मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली, अंगावरचे विष किती लवकर धुतले जाते आणि रुग्ण किती लवकर रुग्णालयात पोहोचतो. दुसरी, बरे वाटू लागल्यावरही तो पुरेसे दिवस देखरेखीखाली राहतो की नाही. दुसऱ्या गोष्टीबद्दल फार कमी बोलले जाते. या लेखात दोन्हींची माहिती दिली आहे. ती शेतकरी आणि शेतमजुरांसाठी आहे, तशीच रुग्णाजवळ रात्रभर बसणाऱ्या नातेवाइकांसाठीही आहे.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात काय घडले?

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन विसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. अनेकांच्या डोळ्यांना इजा झाली. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अशा रुग्णांची रीघ लागली होती. शासनाने विशेष तपास पथक नेमले. नोव्हेंबर २०१७ मध्ये यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा आणि वाशिम या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्री व वापरावर ६० दिवसांची बंदी घालण्यात आली. त्यांत मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट, डायफेन्थियुरॉन, प्रोफेनोफॉस व सायपरमेथ्रिनचे मिश्रण आणि फिप्रोनिल व इमिडाक्लोप्रिडचे मिश्रण यांचा समावेश होता.

त्या वर्षी अनेक कारणे एकत्र आली होती. कपाशीची वाढ जोरात झाली होती आणि कित्येक ठिकाणी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी उंच व दाट झाली होती. त्यामुळे फवारा वर मारावा लागे आणि तो चेहऱ्यावर व छातीवरच परत येई. गुलाबी बोंडअळीच्या भीतीने फवारण्या वाढल्या, दोन-तीन औषधे एकत्र मिसळली गेली. चार्जिंगच्या पंपांमुळे कमी वेळात जास्त आणि बारीक फवारा उडू लागला. दमट उकाड्यात अंगावर पूर्ण कपडे, मुखपट्टी आणि हातमोजे घालून काम करणारा क्वचितच दिसे.

यातली बहुतेक माणसे विष प्यायलेली नव्हती. विष त्यांच्या त्वचेतून, डोळ्यांतून आणि श्वासातून शरीरात गेले होते.

विष अंगात कसे शिरते?

कीटकनाशक पोटात गेले तरच धोका, असा समज सर्वत्र आहे. फवारणी करणाऱ्याच्या बाबतीत मात्र त्वचा हाच विष शिरण्याचा मुख्य मार्ग असतो. पाठीवरचा पंप गळतो, पाठ आणि कंबर भिजते, विजार ओली होऊन मांड्यांना चिकटते. ओला कपडा अंगावर असेपर्यंत विष आत जातच राहते.

सगळीकडची त्वचा सारखे शोषत नाही. तळहाताची जाड त्वचा कमी शोषते. डोके, मान, काख यांची त्वचा जास्त शोषते आणि जांघ व अंडकोशाची त्वचा सर्वांत जास्त. हात धुऊन जेवायला बसणारा माणूस आपण काळजी घेतली असे समजतो, पण त्याची भिजलेली विजार तशीच असते. घाम, उकाडा, अंगावरचे ओरखडे आणि जखमा यांमुळे शोषण आणखी वाढते. बंद पडलेले नोझल तोंडाने फुंकणे, मिश्रण हाताने ढवळणे, त्याच हातांनी तंबाखू मळणे किंवा बिडी ओढणे यांतून विष थेट तोंडात जाते.

शरीरात गेल्यावर ते काय करते?

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, ॲसिफेट, क्लोरपायरिफॉस ही औषधे ऑर्गनोफॉस्फेट गटातली आहेत. जिवाला सर्वाधिक धोका याच गटापासून असतो, म्हणून या लेखात त्यावर भर आहे.

आपल्या मज्जातंतूंकडून स्नायूंना आणि ग्रंथींना संदेश पोहोचवण्याचे काम ॲसिटिलकोलिन नावाचा पदार्थ करतो. संदेश पोहोचला की कोलिनएस्टरेज नावाचे विकर त्याला लगेच तोडते आणि संदेश थांबतो. ऑर्गनोफॉस्फेट हे विकरच निकामी करते. मग संदेश थांबत नाहीत. ग्रंथी पाझरत राहतात, म्हणून लाळ, घाम आणि अश्रू वाहतात. फुप्फुसांत पाण्यासारखा स्राव साचतो. हृदयाचे ठोके मंदावू शकतात. स्नायू आधी फडफडतात आणि नंतर थकून लुळे पडतात. यात मृत्यू बहुतेक वेळा श्वास बंद पडल्याने होतो.

लक्षणे कशी ओळखावीत?

फवारणी करताना किंवा त्यानंतर २४ तासांत पुढीलपैकी काहीही दिसले, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत ती विषबाधाच समजा.

सुरुवातीची लक्षणे:
- डोकेदुखी, चक्कर, मळमळ, पोटात मुरडा
- डोळ्यांची जळजळ, पाणी येणे, अंधुक दिसणे
- खूप घाम आणि तोंडाला सुटणारे पाणी
- छातीत घट्टपणा, खोकला

धोक्याची लक्षणे:
- वारंवार उलट्या व जुलाब, नकळत लघवी होणे
- तोंडातून फेस, छातीतून घरघर
- बुबुळाच्या मधली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी लहान होणे
- पापण्या, गाल, दंड किंवा मांड्यांचे स्नायू फडफडणे
- असंबद्ध बोलणे, गुंगी, झटके

ऊन लागणे आणि विषबाधा यांत गल्लत होणे साहजिक आहे, कारण दोन्हींत घाम, चक्कर आणि उलटी असते. पण नुसत्या उन्हाने तोंडातून लाळ गळत नाही, बाहुली टाचणीएवढी होत नाही आणि स्नायूही असे फडफडत नाहीत. नक्की कळत नसेल तर विषबाधा समजूनच वागा. अंग धुण्याने उन्हाच्या रुग्णाचे काही नुकसान होत नाही.

लक्षणे लगेच दिसतीलच असेही नाही. त्वचेतून गेलेले विष हळूहळू चढते. सकाळी फवारणी केलेल्या माणसाला त्रास संध्याकाळी किंवा रात्री झोपेत सुरू होऊ शकतो.

पहिल्या तासात काय करावे?

१. रुग्णाला शेताबाहेर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला मोकळ्या हवेत आणा. मदत करणाऱ्याने जाड रबरी हातमोजे घालावेत. ते नसतील तर हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवा.

२. १०८ वर फोन करा. रुग्णवाहिकेला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा. पैनगंगा अभयारण्यालगतच्या बंदी भागातल्या गावांतून उमरखेडला पोहोचायलाच बराच वेळ जातो. तिथे वाहनाची सोय फवारणी सुरू करण्याआधीच ठरवलेली असावी.

३. सगळे कपडे काढा, कंबरेचा करदोटा, पट्टा आणि चप्पलसुद्धा. लाजेपायी विजार तशीच ठेवली जाते आणि सर्वांत जास्त विष तिथेच असते. कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बाजूला ठेवा.

४. साबण आणि भरपूर पाण्याने अंग धुवा. केस, कानामागची जागा, मान, काखा, बेंबी, जांघा आणि नखांखालची जागा विसरू नका. खरखरीत दगडाने किंवा घासणीने घासू नका, कातडी सोलली तर शोषण वाढते. विहिरीवरच्या मोटारीचा पाइप असेल तर उत्तम.

५. डोळ्यांत उडाले असेल तर १५ ते २० मिनिटे स्वच्छ, वाहत्या पाण्याने डोळे धुवा. मधेच थांबून थेंब घालत बसू नका.

६. गुंगी किंवा उलटी असेल तर रुग्णाला डाव्या कुशीवर निजवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही.

७. औषधाचा डबा, बाटली किंवा पाकीट सोबत घ्या. निदान सगळ्या बाजूंनी फोटो काढा. तीन औषधे मिसळली असतील तर तिन्हींचे.

रुग्णाचा श्वास अडखळत असेल, तो शुद्धीत नसेल किंवा त्याला झटके येत असतील, तर धुण्यात वेळ घालवू नका. कपडे काढा, एकदा पाणी ओता आणि निघा. बाकीचे अंग रुग्णालयात धुता येते.

काय करू नये?

मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी करवू नका. अनेक कीटकनाशके तेलकट द्रावकात विरघळवलेली असतात. उलटीबरोबर ते द्रावक फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो. दूध, तूप, ताक, लिंबू, कांद्याचा रस किंवा दारू यांतले काहीही पाजू नका. गुंगीतल्या माणसाच्या तोंडात पाणीसुद्धा घालू नका. रुग्णाला मोटारसायकलवर एकटे पाठवू नका. दोघांमध्ये बसवून नेण्यापेक्षा चारचाकीत कुशीवर झोपवून नेणे केव्हाही चांगले.

डबा का आणायचा?

सगळ्या कीटकनाशकांवर एकच उतारा नसतो. ऑर्गनोफॉस्फेटवर ॲट्रोपिन चालते. सायपरमेथ्रिनसारख्या पायरेथ्रॉइड गटात चेहऱ्याची आग व मुंग्या येतात आणि तिथे ॲट्रोपिनचा खास उपयोग नसतो. फिप्रोनिलमध्ये झटके येऊ शकतात, त्यांवर झटक्यांचे उपचार करावे लागतात. पॅराक्वाट या तणनाशकावर उताराच नाही. त्यात गरज नसताना दिलेला ऑक्सिजनही फुप्फुसांचे नुकसान वाढवतो. डॉक्टरांना नाव कळले नाही तर ते लक्षणांवरून अंदाजाने उपचार करतात. नाव कळले तर पुढे काय होऊ शकते याची तयारी आधीच करता येते.

डब्यावरचा चौकोन पाहायला शिका. तो तिरका उभा असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे कमी विषारी. हिरवा म्हणजे निर्धोक असे मात्र नाही. डब्यासोबतच्या घडीपत्रकात विषबाधेची लक्षणे आणि उतारा छापलेला असतो. ते पत्रक फेकू नका.

रुग्णालयात काय उपचार होतात?

निदान मुख्यतः लक्षणांवरून होते. रक्तातील कोलिनएस्टरेजची तपासणी उपयोगी असते, पण सगळीकडे मिळत नाही. २०१७ मध्ये जिल्ह्यात ही सोय नसण्याचा मुद्दा पुढे आला होता. तुम्ही एवढे लक्षात ठेवा की या तपासणीसाठी उपचार थांबत नाहीत. रक्ताचा नमुना घेतला जातो आणि ॲट्रोपिन लगेच सुरू होते.

ॲट्रोपिन हे मुख्य औषध आहे आणि ते लहान ग्रामीण रुग्णालयातही असते. एका ॲम्प्यूलमध्ये साधारण ०.६ मिलिग्रॅम असते. गंभीर रुग्णाला सुरुवातीलाच तीन ते पाच ॲम्प्यूल दिली जातात आणि फरक पडला नाही तर दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट केली जाते. पहिल्या तासात पन्नासहून अधिक ॲम्प्यूल लागू शकतात. ढीग पाहून नातेवाईक घाबरतात, पण या आजारात तेच योग्य असते. छाती साफ झाली, नाडी ८० च्या वर गेली, रक्तदाब सावरला आणि काख कोरडी झाली की मात्रा पुरेशी झाली असे समजतात. नुसत्या डोळ्याच्या बाहुलीवरून ते ठरवत नाहीत. त्यानंतर सलाइनमधून थोड्या प्रमाणात ॲट्रोपिन चालू ठेवतात.

ॲट्रोपिन जास्त झाले तर ताप येतो, तोंड कोरडे पडते, लघवी अडते, पोट फुगते आणि रुग्ण बडबड करतो, हवेत काहीतरी पकडू पाहतो. अशा वेळी ‘वेड लागलं’ म्हणून घाबरू नका, परिचारिकेला सांगा. मात्रा कमी केल्यावर हे उतरते.

दुसरे औषध प्रॅलिडॉक्झिम, ज्याला रुग्णालयात ‘पाम’ म्हणतात. ते निकामी झालेले विकर पुन्हा मोकळे करते, पण लवकर दिले तरच. त्याच्या उपयोगाबद्दल डॉक्टरांत एकमत नाही. बारामतीच्या गिरिराज हॉस्पिटलमध्ये २०० रुग्णांवर झालेली चाचणी २००६ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात सतत मोठ्या मात्रेने पाम दिलेल्या रुग्णांत मृत्यू कमी आढळले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या श्रीलंकेतील चाचणीत मात्र तसा फायदा दिसला नाही. म्हणून ‘पाम मिळालं नाही म्हणून पेशंट गेला’ असा सरळ निष्कर्ष काढता येत नाही. पाम शोधत शहरभर फिरण्यापेक्षा ॲट्रोपिन वेळेवर आणि पुरेसे मिळणे आणि श्वासाला आधार मिळणे जास्त महत्त्वाचे.

मोठ्या रुग्णालयात हलवायचे असेल तर उमरखेडहून यवतमाळपेक्षा नांदेड जवळ पडते. कुठे जायचे ते तिथे खाट आणि व्हेंटिलेटर आहे का, हे विचारून ठरवावे. ॲट्रोपिन न देता ‘आधी मोठ्या दवाखान्यात जाऊ’ म्हणून निघणे धोक्याचे आहे. पहिली मात्रा जवळच्या सरकारी रुग्णालयात घ्यावी, ॲट्रोपिन आणि ऑक्सिजन चालू ठेवूनच पुढे जावे.

बरे वाटल्यावरचे चार दिवस

ॲट्रोपिन लागू पडले की रुग्ण सावरतो. उलट्या थांबतात, छाती मोकळी होते, दुसऱ्या दिवशी तो उठून बसतो आणि चहा मागतो. शेतात माल उभा असतो, घरी जनावरे असतात, रुग्णालयात राहण्याचा खर्च होत असतो. ‘डॉक्टर, आता बरा आहे, सुट्टी द्या’ अशी मागणी सुरू होते. ऐकले नाही तर सही करून नेतात.

विषबाधेनंतर २४ ते ९६ तासांत, म्हणजे दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, काही रुग्णांचे स्नायू अचानक कमजोर होऊ लागतात. याला मध्यंतरीचा अशक्तपणा म्हणता येईल. वैद्यकीय भाषेत त्याचे नाव इंटरमीडिएट सिंड्रोम. श्रीलंकेतील डॉक्टरांनी १९८७ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. मानेचे, खांद्यांचे, मांड्यांचे आणि शेवटी श्वासाचे स्नायू दुबळे होतात. यावर ॲट्रोपिन चालत नाही. श्वासाला यंत्राचा आधार द्यावा लागतो, कधी आठवडाभर, कधी त्याहून जास्त. तो आधार वेळेवर मिळाला तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. आणि हेच घरी, रात्री, झोपेत घडले तर सकाळी फार उशीर झालेला असतो.

हा अशक्तपणा ओळखायला कोणतेही यंत्र लागत नाही. रुग्णाजवळ बसलेल्या माणसाने दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, या चार गोष्टी पाहाव्यात:

- मान: रुग्णाला उताणे झोपवून ‘डोकं उशीवरून उचल’ म्हणा. त्याला डोके उचलून काही सेकंद धरता आले पाहिजे. मान उचलता न येणे ही सर्वांत आधी दिसणारी खूण आहे.
- आकडे: एक खोल श्वास घेऊन न थांबता मोठ्याने आकडे मोजायला सांगा. सकाळी पंचवीसपर्यंत जाणारा माणूस संध्याकाळी बारावर थांबत असेल तर श्वासाची ताकद घटते आहे.
- डोळे व आवाज: पापण्या जड होणे, एकाचे दोन दिसणे, आवाज नाकातून येणे, पाणी गिळताना ठसका लागणे.
- हात: दोन्ही हात खांद्याच्या वर नेता येतात का?

यांतले काहीही बिघडले तर सकाळच्या राऊंडची वाट पाहू नका. लगेच परिचारिकेला किंवा ड्युटीवरच्या डॉक्टरांना उठवा. नळीने लावलेला ऑक्सिजन चालू आहे म्हणजे श्वास ठीक आहे असे समजू नका. छातीचे स्नायूच थकले असतील तर नुसता ऑक्सिजन पुरत नाही.

म्हणून मध्यम किंवा गंभीर विषबाधेत निदान चार ते पाच दिवस रुग्णालयात राहणे आवश्यक आहे. अगदी सौम्य त्रास असेल तर डॉक्टर तपासून त्याआधीही घरी सोडू शकतात, पण घरच्यांनी वरच्या चार गोष्टी चौथ्या दिवसापर्यंत पाहत राहाव्यात.

खाटेजवळची सेवा

सरकारी वॉर्डात एका परिचारिकेकडे अनेक रुग्ण असतात. नातेवाइकाने शिकून घेतले तर बरेच काम तो करू शकतो. गुंगीतल्या रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून द्या, नाहीतर पाठीला व कुल्ल्यांना जखमा होतात. तोंडातली लाळ स्वच्छ कापडाने टिपा आणि छातीत घरघर वाढली तर सक्शनसाठी सांगा. ओठ व जीभ ओल्या कापसाने पुसा. पापण्या नीट मिटत नसतील तर डोळ्यांत घालायचे मलम मागा. लघवीची पिशवी किती भरली ते पाहा. पोट फुगत असेल तर सांगा. डॉक्टर परवानगी देईपर्यंत तोंडाने काहीही देऊ नका, गिळता येत नसेल तर अन्न फुप्फुसात जाते.

आणखी एक गोष्ट तपासा. दाखल झाल्यावरही रुग्णाच्या केसांना, नखांना किंवा अंतर्वस्त्रांना औषधाचा वास येत असेल तर अंग नीट धुतलेले नाही. परिचारिकेला विचारून पुन्हा धुवा. नाहीतर विष आत जातच राहते आणि ॲट्रोपिन कमी करता येत नाही.

घरी गेल्यावर

विकर पूर्ववत व्हायला वेळ लागतो. रक्ताच्या लाल पेशींतले कोलिनएस्टरेज पूर्ण भरून यायला तीन महिन्यांपर्यंत लागू शकतात. त्याआधी पुन्हा फवारणी केली तर थोड्या औषधानेही मोठी विषबाधा होते. म्हणजे त्या हंगामात फवारणी बंद. हे मजुराला सांगणे सोपे आणि पाळणे कठीण आहे. शेतमालकाने आणि घरच्यांनी त्याला खुरपणी किंवा वेचणीसारखे दुसरे काम द्यावे. वेचणीसुद्धा नुकत्याच फवारलेल्या शेतात नको.

एक ते तीन आठवड्यांनी पोटऱ्यांत पेटके, तळपायांना मुंग्या किंवा चालताना पाऊल लोंबत असेल तर पुन्हा दाखवा. काही औषधांनी नसांना उशिरा इजा होते. झोप न लागणे, चिडचिड, विसरभोळेपणा काही आठवडे राहू शकतो. नजर अंधुक राहिली तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

विष फवारणीतून नव्हे, तर जाणूनबुजून घेतले गेले असेल तर डॉक्टरांना खरे सांगा. उपचार तेच असतात, पण मात्रा आणि धोका वेगळा असतो. अशा रुग्णाला खाटेवर बोल लावू नका. घरी गेल्यावर औषधे कुलपात ठेवा आणि त्याला एकटे सोडू नका. टेलिमानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, मराठीतही.

कागदपत्रे

विषबाधेची नोंद रुग्णालयाला पोलिसांकडे द्यावी लागते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. उलट ‘शेतात फवारणी करताना’ ही नोंद पहिल्या कागदावर असणे तुमच्याच हिताचे असते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अशा विषबाधेने मृत्यू झाल्यास दोन लाख रुपयांची मदत आहे, कायमच्या अपंगत्वालाही मदत आहे. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करायचा असतो. मात्र ही योजना सातबारा असलेला शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एक सदस्य यांच्यासाठी आहे. दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणी करणारा भूमिहीन मजूर तीत बसत नाही, आणि पंप बहुतेक वेळा त्याच्याच पाठीवर असतो. म्हणून मजुराला साबण, पाणी, कपडे, वाहन आणि उपचार मिळतील याची जबाबदारी शेतमालकाने आधीच घेतली पाहिजे. उपचाराच्या खर्चाबाबत रुग्णालयातील आरोग्यमित्राला महात्मा फुले जनआरोग्य योजनेची माहिती विचारा.

पुढच्या फवारणीआधी

- कृषी केंद्रातून औषध घेताना पक्के बिल आणि घडीपत्रक घ्या. शिफारस नसलेली औषधे एकत्र मिसळू नका.
- पंप आधी साध्या पाण्याने चालवून पाहा. गळका पंप पाठीवर घेऊ नका.
- फवारणी सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर करा, वाऱ्याच्या दिशेने चालत जा. पीक छातीच्या वर गेले असेल तर डोक्यावर फवारा मारणे टाळा.
- पूर्ण बाह्यांचा सदरा, विजार, टोपी, चष्मा, मुखपट्टी, रबरी हातमोजे आणि गमबूट वापरा. उपरणे तोंडाला गुंडाळल्याने संरक्षण मिळत नाही, भिजल्यावर ते विष तोंडाशी धरून ठेवते.
- एकाच माणसाने दिवसभर फवारणी करू नये. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आणि मुले यांना शेतापासून दूर ठेवा. औषध कालवायलाही त्यांना लावू नका.
- धुऱ्यावर साबण आणि दोन घागरी स्वच्छ पाणी ठेवा. कपडा भिजला की लगेच बदला.
- फवारणीचे कपडे वेगळे धुवा. ते धुणाऱ्या घरच्या बाईने हातमोजे घालावेत. रिकामे डबे पाण्याला किंवा धान्याला वापरू नका.

रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि विषबाधेविषयी सल्ल्यासाठी दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हे क्रमांक फोनमध्ये आजच साठवून ठेवा आणि फवारणीला जाणाऱ्यांनाही द्या. घरातील एका माणसाला तरी मान उचलण्याची आणि आकडे मोजण्याची तपासणी शिकवून ठेवा.